पातूरच्या घाटातला तिसरा गिअर

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात कोणीच एका जागी बसत नव्हतं. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचे पेपर देऊन रिकामी झाले होते. पेपर कसे गेले ते मला पुरतं ठाऊक होतं, म्हणून निकालाचं नाव निघालं की मी उठून अंगणात जायची. आई दिवसातून तीनदा कूलरमध्ये बादलीनं पाणी भरायची आणि भरताना कूलरशीच बोलल्यासारखं काहीबाही पुटपुटायची. बाबा तर जेवता जेवता ताटावरून उठायचे. आमचं घर आणि बाबांचं गॅरेज यांच्यामध्ये एकच दार होतं, लाकडी, कडी कधीच न लागणारं. त्या दारापलीकडे टिनाच्या शेडमध्ये विजूदादाची लाल गाडी बोनेट उघडं टाकून उभी असायची. बाबा भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून तिच्याकडे जायचे, आत डोकावून बघायचे, परत यायचे आणि भाजी थंड झाली म्हणून आईवर चिडायचे.

विजूदादा म्हणजे माझ्या मोठेबाबांचा, बाबांच्या थोरल्या भावाचा मुलगा. मोठेबाबांचा मळा बाळापूरच्या अलीकडे. झेंडू, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, पालक, जे जे अकोल्याच्या बाजारात सकाळी खपतं ते सगळं तिथं व्हायचं. बाबा तरुणपणीच मळा सोडून अमरावतीला आले, आधी ट्रकच्या बॉड्या बांधायच्या एका शेडमध्ये हातोडा चालवत राहिले आणि मग त्यांनी बडनेरा रस्त्याला स्वतःचं गॅरेज टाकलं. विजूदादा मात्र मळ्यातच वाढला. मिसरूड फुटल्यापासून तो भाजीचा टेम्पो चालवायचा. त्याच्या टेम्पोतली वांगी हलून हलून देठापासून सुटी होतात, अशी मोठेबाबांची कायमची तक्रार होती. त्यानं एक जुनी छोटी गाडी मिळवली आणि अपघातात चेपलेल्या एका मोठ्या गाडीचं इंजिन गिअरबॉक्ससकट उचलून आणलं. हे त्यात बसवून द्या, म्हणून तो बाबांच्या मागे लागला. पावसाळ्याआधी अकोल्याबाहेरच्या एका माळावर पोरं शर्यत भरवणार होती आणि विजूदादाला त्यात उतरायचं होतं.

बाबा आधी तयार नव्हते. "बसन त्यात इंजिन," ते म्हणाले, "पन राहन का?" पण विजूदादा चार दिवस आमच्याकडे मुक्काम ठोकून बसला, रोज संध्याकाळी दह्यातले गिलावडे आणून काकूला, म्हणजे माझ्या आईला, खूश करत राहिला, आणि पाचव्या दिवशी बाबांनी जुनं इंजिन उतरवायला घेतलं. एकदा हात लागला की बाबांना थांबवणं कोणाच्या हातातली गोष्ट नव्हती. त्यांनी पुढचा भाग कापून जागा केली, गिअरबॉक्सला आधार द्यायला लोखंडी पट्टीचं नवं ब्रॅकेट स्वतः वेल्डिंग करून बनवलं, मोठा रॅडिएटर बसवला. गाडी सुरू झाली तेव्हा शेजारच्या दुकानांतली माणसं रस्ता ओलांडून बघायला आली होती. इंजिन इतकं गुळगुळीत वाजत होतं, की विजूदादा नुसता बोनेटवरून हात फिरवत राहिला.

बाबांच्या कानाची त्या रस्त्यावर ख्याती होती. गाडी समोर उभी राहिली की ते एक हात मडगार्डवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि दोन मिनिटांत सांगायचे, अमुक बेअरिंग गेलं, तमुक व्हॉल्व्ह जळला. अगदीच शंका असली तर लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचं, टोक इंजिनला टेकवून त्याची मूठ कानाला लावायचे. धारणीकडच्या जीपवाल्या माणसांना वाटेत दहा गॅरेजं लागत असतील, पण ती बाबांकडेच यायची. आज माझ्या समोर गाडी आली की मी तिला एक छोटं यंत्र जोडते आणि पडद्यावर आकडे उमटतात. मला त्याचं काही वाईट वाटत नाही. यंत्र खोटं बोलत नाही आणि कोणाचं मन राखत नाही. पण यंत्राला घरातली माणसं नसतात, त्यामुळे त्याला कोणापासून काही लपवावंही लागत नाही.

विजूदादाच्या गाडीची दोन दुखणी आठवड्याभरात बाहेर आली. गावात फिरवली तर ठणठणीत. मूर्तिजापूरच्या रस्त्याला लावून जरा पळवली की पंधरा-वीस मिनिटांत तापमानाचा काटा वर चढायचा. आणि कुठं चढ लागला, की तिसरा गिअर आपोआप सुटायचा. दांडा हातात यायचा, इंजिन रिकामंच ओरडायचं आणि गाडी हळू व्हायची. बाबांनी दोन्ही दुखणी वेगवेगळी धरली. रॅडिएटर धुतला, थर्मोस्टॅट काढून टाकला, आणखी एक पंखा लावला, हेड खोलून गॅस्केट बदललं. गिअरबॉक्स दोनदा खाली उतरवून आतला सगळा भाग तपासला, तिसरा गिअर सरकवणारा फोर्क नवा घातला. प्रत्येक वेळी शेडमध्ये गाडी शहाण्यासारखी वागायची आणि रस्त्यावर गेली की पुन्हा तेच. विजूदादा मळ्यातून एक दिवसाआड यायचा, उभ्याउभ्या पाणी प्यायचा, "झालं का काका?" विचारायचा. बाबा उत्तर द्यायचे नाहीत. शर्यतीला किती दिवस उरले हे कोणी बोलत नसे, पण आईसुद्धा कॅलेंडरकडे बघायला लागली होती.

मी बहुतेक वेळा त्यांच्याबरोबर मागच्या सीटवर बसून जायची. घरात बसून निकालाची वाट बघण्यापेक्षा ते बरं होतं. आणि मागे बसून मला एक आवाज यायचा. विजूदादानं जोर लावला की पायाखाली, गाडीच्या पोटात, टुक. अॅक्सिलरेटर सोडला की पुन्हा, जरा हळू, टुक. पहिल्या दिवसापासून यायचा. मी तो कोणाला सांगितला नाही. ज्या माणसाला चालत्या इंजिनातलं बेअरिंग ऐकू येतं, त्याला हे ऐकू आलंच असणार, ऐकून त्यांनी ते बाजूला ठेवलं असणार, असं मी गृहीत धरलं. एकोणीस वर्षांच्या मुलीनं बाबांना गाडीतला आवाज दाखवायचा, हे मला सुचलंसुद्धा नाही.

शर्यतीला नऊ दिवस असताना बाबा म्हणाले, एकदा घाटातच नेऊन बघू. आम्ही संध्याकाळी मोठेबाबांकडे मुक्कामाला गेलो. वाटेत दोनदा थांबून गाडी थंड करावी लागली. मोठीआईनं पातोडीची, बेसनाच्या वड्यांची, झणझणीत भाजी आणि भाकरी केली होती. बाबांना पातोडी फार आवडायची, पण त्या दिवशी त्यांनी दोन वड्या खाल्ल्या आणि हात धुतला. मोठेबाबा त्यांच्याशी काहीतरी बोलत होते, विहिरीच्या पाण्याबद्दल असावं, आणि बाबा नुसतं "हं, हं" करत होते. मोठेबाबा शेवटी उठून झोपायला गेले.

सकाळी उन्हं तापायच्या आत आम्ही पातूर ओलांडून घाटाला लागलो. विजूदादा चालवत होता, बाबा शेजारी, मी मागे. पहिल्याच मोठ्या वळणानंतर त्यानं तिसरा टाकला, जोर दिला, पायाखाली टुक झालं आणि गिअर सुटला. पुन्हा टाकला, पुन्हा सुटला. "दाबून धर," बाबा म्हणाले आणि त्यांनी आपला पंजा विजूदादाच्या हातावर ठेवून दांडा दाबून धरला. तसेच आम्ही वर चढत राहिलो, दोघांचे हात एकावर एक, आणि काटा लाल पट्ट्यात जाताना मी मागून बघत होते. मग तापल्या गाडीचा तो गोडसर, ओला, जळका वास आला. विजूदादानं गाडी कडेला घेतली.

बाबांचा एक नियम होता. रॅडिएटर गप्प झाल्याशिवाय त्याचं झाकण उघडायचं नाही. तापलेल्या गाडीशेजारी उभं राहून ते वाट बघायचे, कान देऊन आतली खदखद थांबली की नाही ते ऐकायचे आणि मगच फडका घ्यायचे. त्या दिवशीही त्यांनी तसंच केलं. बोनेट उघडलं, थोडा वेळ थांबले, डोकं एका बाजूला कलतं करून ऐकलं. मी खिडकीतून बघत होते. रॅडिएटर गप्प झालेला नव्हता. आतून डाळ उकळावी तशी खदखद येत होती, मला मागच्या सीटवर ती स्पष्ट ऐकू येत होती. बाबांनी फडका झाकणावर ठेवला.

विजूदादा मागच्या चाकाला दगड लावत होता, तो तिथूनच ओरडला, "काका, हात नका लावू, उकळून राहिलं ते." मी म्हटलं, "बाबा, थांबा." ते वळले नाहीत. मी पुन्हा हाक मारली. इतक्या जोरात, की घाटात ती परत आली. त्यांनी शांतपणे झाकण फिरवलं.

वाफेचा आणि उकळत्या पाण्याचा फवारा त्यांच्या उजव्या हातावर, कोपरापर्यंत, आणि मानेवर आला. ते ओरडले नाहीत. दोन पावलं मागे आले आणि खाली बसले. विजूदादानं डब्यातलं सगळं पाणी त्यांच्या हातावर ओतलं. घाईत अर्धं पाणी मातीत गेलं. वरून एक जीप खाली येत होती, तिच्यात बसवून आम्ही त्यांना पातूरच्या दवाखान्यात नेलं. लाल गाडी घाटातच राहिली.

डॉक्टर तरुण होते. तोंडावर मास्क लावून ते जखम साफ करत होते आणि काही काही विचारत होते. दुखतं का, साखर आहे का, आधी कशाची ॲलर्जी आली होती का. बाबा त्यांच्याकडे बघत होते आणि उत्तर देत नव्हते. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. मग मास्क खाली ओढून तेच विचारलं, आणि बाबांनी लगेच उत्तर दिलं.  डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "यांना ऐकू कमी येतं का? किती दिवस झाले?"

मी विजूदादाकडे बघितलं. त्यानं माझ्याकडे. बाबा भिंतीकडे बघत होते. गेल्या दोन वर्षांतल्या कितीतरी गोष्टी त्या एका क्षणात माझ्या डोक्यात आपापल्या जागी बसल्या. रेडिओ मोठा लावतात म्हणून मी चिडायची. बोलताना ते नेहमी समोर येऊन उभे राहायचे आणि तोंडाकडे बघायचे. अलीकडे गिऱ्हाइकाची गाडी ऐकून लगेच काही न सांगता ते "सोडून जाय, पाह्यतो" म्हणायचे आणि मग सगळं खोलून एकेक भाग डोळ्यांनी तपासायचे. दोन तासांचं काम दोन दिवस चालायचं. कामात बारकावा वाढला, असं आम्ही म्हणत होतो.

अमरावतीला आल्यावर मी आईला सांगितलं तेव्हा ती वांगी चिरत होती. तिचे हात थांबले नाहीत. "मले ठाऊक होतं," ती म्हणाली. "त्याईनं कोनाले सांगू नको म्हटलं. गिऱ्हाईक तुटन म्हणून नाही. तसं नव्हतं ते." ज्या कानावर सगळा रस्ता विश्वास ठेवायचा तो गेला, हे बाबांना स्वतःच्या तोंडानं म्हणवत नसावं, असं मला वाटलं.

त्यानंतरचे दिवस मला अजून अंगावर येतात. हाताला पट्टी, मानेला मलम, आणि बाबा गॅरेजभर नुसते चालायचे. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आलेल्या गिऱ्हाइकाला हातानंच परत जायला सांगायचे. विजूदादा ट्रॅक्टरनं गाडी घाटातून मळ्यात आणि मग टेम्पोमागे बांधून आमच्याकडे घेऊन आला, शेडमध्ये लावली आणि निघून गेला. शर्यतीत उतरणार नाही, हे त्यानं मला रस्त्यावर सांगितलं, बाबांना नाही. माझा निकाल त्याच आठवड्यात लागला. दोन विषय राहिले होते. घरात कोणी त्यावर रागावलंही नाही आणि मला रागावलेलं चाललं असतं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन शेडमध्ये गेले. बाबा गाडीसमोर स्टुलावर बसले होते. मी त्यांच्या पुढ्यात, त्यांना माझं तोंड दिसेल अशी उभी राहिले.

"बाबा, या गाडीत एक आवाज येते."

त्यांनी मान वर केली. "कोनता?"

"टुक. पायाखाली. जोर लावला का येते."

"कधीपासून?"

"पयल्या दिवसापासून."

"मंग सांगितलं कावून नाही?"

"मले वाटलं तुमी आयकलं असन."

 मला वाटलं आता बाबा उठून जातील. चहा त्यांच्या हातात थंड होत होता. मग ते म्हणाले, "चाकासंगं येते, का जोर लावल्यावर एकच डाव?"

"एकच डाव. अन् सोडलं का अजून एक, हळू."

"लोखंडावर लोखंड वाजते, का मधात रबर हाय?"

हे मला सांगता येईना. ते उठले, डाव्या हातानं हातोडी घेतली आणि आधी जमिनीवर पडलेल्या पट्टीवर एक घाव घातला. मग त्याच पट्टीवर टायरचा तुकडा ठेवून दुसरा. "यातला कोनता?"

"दुसरा. पन शेवटी जरासा पयला."

बाबांनी हातोडी खाली ठेवली. "इंजिन हालून राहिलं," ते म्हणाले. "रबर फाटलं असन. फाउंडेशन गेलं."

इंजिन आणि गिअरबॉक्स गाडीच्या सांगाड्यावर ज्या रबरी गाद्यांवर बसवतात, त्यांना गॅरेजात फाउंडेशन म्हणतात. विजूदादाला निरोप धाडून बोलावलं. त्याला आत बसवून हँडब्रेक आणि पायातला ब्रेक दाबून धरायला लावला, चाकांना दगड लावले, आणि पहिल्या गिअरात क्लच अर्धा सोडून जरा जोर द्यायला सांगितलं. मी बाजूला उभी राहून वाकून बघत होते. बाबा माझ्या समोर, डाव्या हाताचा पंजा मडगार्डवर. विजूदादानं जोर दिला आणि अख्खं इंजिन चांगलं चार बोटं मागे कललं. गिअरबॉक्स खालच्या पत्र्याला टेकला, टुक. आणि त्याच वेळी रॅडिएटरमधून इंजिनात जाणारा खालचा रबरी पाइप ताणला गेला, वळणावर दुमडला आणि चपातीसारखा चपटा झाला.

"पाइप दबला," मी म्हटलं. मग आठवलं, तोंड वर केलं आणि हळू म्हटलं, "खालचा पाइप दबून राहिला, बाबा. पानी जात नसन."

ते वाकले. विजूदादाला पुन्हा जोर द्यायला लावला. पुन्हा. तीनदा बघितलं. शेडमध्ये इंजिन उभं असायचं तेव्हा त्याच्यावर भारच नसायचा, म्हणून पाइपही मोकळा आणि गिअरही जागेवर. रस्त्यावर भार आला की इंजिन मागे जायचं, गिअरचा दांडा ओढला जाऊन तिसरा सुटायचा आणि पाण्याची वाट बंद व्हायची. दोन दुखणी नव्हतीच. एकच होतं, आणि ते त्यांनी स्वतः बनवलेल्या ब्रॅकेटमध्ये होतं. खाली सरपटत जाऊन मी ते खोललं. वरून अखंड दिसणारी गादी आतून उभी चिरली होती. बाबांनी ती हातात घेऊन चिरेत बोट घातलं.

"माया हातचं काम हाय हे," ते विजूदादाला म्हणाले. "तुयी शर्यत म्या घालवली."

विजूदादा म्हणाला, "राहू द्या न काका. पुढच्या साली जाऊ." त्याचा आवाज बसला होता, पण बाबांना तेवढं कळण्यासारखं नव्हतं. किंवा चेहऱ्यावरून कळलंही असेल.

दुरुस्ती मी केली. वेल्डिंगला शेजारच्या शेडमधला माणूस आला, पण मापं मी घेतली, गाद्या मी बसवल्या, इंजिन मागे जाऊ नये म्हणून एक आडवी दांडी मी कसली, आणि आत तारेची स्प्रिंग असलेला नवा पाइप मीच चढवला. बाबा शेजारी बसून डाव्या हातानं दाखवत होते. माझा पाना दोनदा निसटून बोटांची सालं निघाली. तिसऱ्यांदा निसटला तेव्हा ते म्हणाले, "ओढ, ढकलू नको." आजही मी ढकलत नाही.

माळावरची शर्यत दुरुस्ती चालू असतानाच होऊन गेली. विजूदादा एसटीनं जाऊन ती बघून आला, केसांत धूळ घेऊन, आणि कोण पहिला आला ते त्यानं कोणाला सांगितलं नाही. त्यानंतरच्या रविवारी आम्ही पुन्हा पातूरच्या घाटात गेलो. या वेळी मी पुढे बसले. तिसरा गिअर पहिल्या वळणापासून वरपर्यंत जागेवर राहिला आणि काटा मधोमध. माथ्यावर विजूदादानं गाडी थांबवली आणि इंजिन चालूच ठेवलं. बाबा उतरून बोनेटपाशी आले.

"काय आयकू येते?" त्यांनी मला विचारलं.

"काही नाही. चांगलं हाय."

"काही नाही म्हणू नको. जे येते ते सांग."

मी सांगायला लागले. पंखा फिरतो, सारखा, मधेच अडखळत नाही. एक बारीक शिट्टी येते, पट्ट्याची असेल. सायलेन्सर तापलाय, त्याचा टिक टिक आवाज येतो. पाणी उकळत नाही. पायाखाली काही नाही. ते माझ्या तोंडाकडे बघत होते आणि एकेका गोष्टीवर मान हलवत होते. "शिट्टी पट्ट्याची नाही," मधेच म्हणाले. "पंपाची असन. महिनाभरात बदलून घे." घाटातून एक ट्रक गेला, तो जाईपर्यंत आम्ही दोघं थांबलो.

आठ-दहा दिवसांनी धारणीकडची एक जीप गॅरेजसमोर येऊन उभी राहिली. ड्रायव्हर बाबांचा जुना ओळखीचा. उतरल्या उतरल्या सांगायला लागला, मागून कुईं कुईं येतं, वळणावर जास्त येतं, तुम्ही जरा कान लावून पाहा. बाबा त्याच्या ओठांकडे बघत शेवटपर्यंत ऐकत राहिले. मी आत गाडीखाली होते, ती बाहेर आले. वाटलं, आता "सोडून जाय, पाह्यतो" म्हणतील.

बाबांनी पट्टी बांधलेला हात वर केला. "मले आयकू येत नाही," ते म्हणाले. रस्त्यापलीकडच्या दुकानातही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "हे माही पोरगी. हिले सांग."

ड्रायव्हरनं माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा बाबांकडे. बाबा बाजूला सरकून उभे राहिले होते आणि जागा रिकामी होती. मी फडक्याला हात पुसले, त्या जागेवर गेले आणि त्याला म्हटलं, "चालू करा जीप."